पायावरची फुली

५ फेब्रुवारी, सोमवार

नवीन मुलगी आली वॉर्डात. आवाज एवढासा! “गुड मॉर्निंग” म्हणाली तर वॉर्डबॉय मामा खिडकीकडे बघायला लागले. झालं, बारसं उरकलं. चिमणी.

इनचार्जबाईंनी माझ्याच गळ्यात बांधली. “तुमच्या हाताखाली तयार होईल.” म्हणजे माझं काम दुप्पट! आमचा वॉर्ड हृदयाचा आणि रक्तवाहिन्यांचा. नवीन माणसाला वाटतं, सगळं मॉनिटरवर दिसतं, आपण नुसते आकडे उतरवायचे. तिला म्हटलं, आधी मॉनिटरकडे पाठ कर आणि पेशंटकडे बघ. पलंग तीनच्या आजींना काल दोन उशा पुरत होत्या, आज तीन लागल्या. हे कुठल्या पडद्यावर दिसतं? आजींच्या घोट्यावर बोट दाबून दाखवलं. खळगा पडला तो भरेचना. वजन केलं तर वाढलेलं. अंगात पुन्हा पाणी साठतंय.

“आजी, खारट काय खाल्लंत?”

आजी छताकडे बघतायत! उशीखाली खारी बिस्किटं निघाली. नातवाने आणून दिली म्हणे. नातू परदेशात.

चिमणी हसली नाही. नुसती बघत राहिली. कशी निघतेय देव जाणे.

लिफ्ट बंद होती. जिन्यात मधेच थांबावं लागलं. वजन कमी करायला हवं. हे मी दर सोमवारी लिहिते.

६ फेब्रुवारी, मंगळवार

पलंग नऊला आयसीयूतून एक वल्ली आलीय. शाळेत खेळाचे मास्तर होते. रिटायर झाले तरी शाळाशाळांच्या फुटबॉल मॅचना रेफरी म्हणून उभे राहतात. आल्या आल्या औषधाच्या खोक्याचा पिवळा पुठ्ठा फाडून घेतला आणि मामांना कार्ड दाखवलं. का, तर स्ट्रेचर दाराला घासलं!

उजव्या मांडीतली मोठी रक्तवाहिनी बंद झाली होती. वर्षानुवर्षांच्या सिगारेटी, दुसरं काय. डाव्या पायातली शीर काढून उजव्या पायात जोडलीय, बंद पडलेल्या भागाला वळसा घालून. सोबतच्या काकू, त्यांची बायको, म्हणाल्या, “जगाला शिट्ट्या मारत हिंडले. ह्यांना कुणी मारायची?” काका म्हणाले, “तू मारतेस की रोज.”

सर्जननी राउंडला स्पष्ट सांगितलं. जोडलेली शीर वाहती राहिली तर पाय राहील. बंद पडली आणि वेळेत कळलं नाही, तर पाय गुडघ्याखालून कापावा लागेल. काकूंनी पदर तोंडाला लावला. काका म्हणाले, “एप्रिलमध्ये फायनल आहे डॉक्टर. मला पळायला लागतं.”

म्हणजे आता सगळं त्या पावलावर. रंग बघायचा, हात लावून ऊब बघायची, नाडी बघायची. पावलावरची नाडी प्रत्येकाची जरा इकडेतिकडे असते. म्हणून ज्या सिस्टरला सापडेल तिने तिथे मार्करने फुली मारायची, म्हणजे पुढच्या पाळीला चाचपडावं लागत नाही. आमची जुनी रीत आहे. मी बोट ठेवलं, टणटणीत लागली. फुली मारली.

काका वाकून बघतायत. “हा काय पेनल्टी स्पॉट?”

“हो. आणि गोलकीपर मी.”

“मग मेलोच!”

हसले खरी. पण अशी माणसं बरी होऊन स्वतःच्या पायाने गेलेली बघायला फार आवडतं मला.

७ फेब्रुवारी, बुधवार

चिमणीला नाडी शिकवली. अंगठा वापरायचा नाही, अंगठ्याचीच नाडी जोरात असते. दोन बोटं, हलकी. जोर लावायचा नाही. जोर लावला की आपल्याच बोटातली नाडी आपल्याला लागते आणि आपण पेशंटची म्हणून खूश होतो. शंका आली तर दुसऱ्या हाताने स्वतःचं मनगट धरून ताडून बघायचं. मी हे इतक्या जणींना शिकवलंय की झोपेत विचारलं तरी सांगेन.

तिची बोटं बरी आहेत. थंड आहेत पण बरी.

लेक म्हणते, “आई, तू हल्ली जिन्यात फोन बघायचं नाटक करतेस. दम लागतो म्हणून थांबतेस ना?” म्हटलं, अभ्यास कर.

८ फेब्रुवारी, गुरुवार

लिहवत नाही.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

लिहून टाकते. नाहीतर डोक्यात गिरमिट चालूच राहील.

काल मला दुपारची पाळी. चिमणी सकाळची होती. पेशंट ताब्यात घ्यायला पलंगापलंगाशी उभं राहिलो. पलंग नऊला आलो. ती म्हणाली, “ताई, आत्ता नाडी लागली नाही. सकाळी लागत होती. पाऊलही जरा गार वाटतंय.”

एवढ्याशा आवाजात. पेशंटसमोर! काकूंचा चेहरा उतरला. मला आला राग. असं पेशंटच्या तोंडावर बोलतात का? आणि मुलीला चार दिवस झालेत. मी म्हटलं, “सरक.” फुलीवर बोटं ठेवली. नाही लागली पटकन. जरा दाबली. लागली!

“ही काय लागतेय! मधेच एखादा ठोका चुकते, पण लागते. बोटं नीट ठेवायला शीक.”

तिने पुन्हा बोटं ठेवली. मग म्हणाली, “मला नाही लागत ताई.” तिची मान खाली होती, पण शब्द बदलला नाही. काका म्हणाले, “सिस्टर, पायाची बोटं जरा झोपल्यासारखी झालीत.” मी म्हटलं, पंखा डोक्यावर आहे म्हणून. पायावर ब्लँकेट टाकलं.

हे वाक्य लिहिताना हात अडतोय. ब्लँकेट टाकलं! झाकलं म्हणजे कुणाला रंगही दिसू नये!

चिमणी म्हणाली, “डॉपलर लावून बघू या का?” डॉपलर म्हणजे आमचं ते छोटं यंत्र. शिरेवर टेकवलं की आत वाहणाऱ्या रक्ताचा आवाज ऐकवतं. ते आयसीयूने मागून नेलंय, परत करतील तेव्हा खरं. मी म्हटलं, “प्रत्येक नाडीला यंत्र लागायला लागलं तर आपली बोटं कशाला आहेत?” काय तोरा! मामासुद्धा बघत होते.

तिची पाळी संपली. मी कामाला लागले. तीनच्या आजींना लघवी व्हायचं इंजेक्शन, पलंग सातला ड्रेसिंग, एकाची छातीत दुखल्याची तक्रार. तो निघाला गॅस, पण बघावं तर लागतंच. ऊन खिडकीवरून खाली उतरलं होतं तेव्हा दारात बघते तर चिमणी! घरचे कपडे, खांद्याला पर्स, हातात डॉपलर. आयसीयूच्या दाराशी उभी राहून, मागून मागून घेऊन आली होती. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या डोक्यावरून गेली ही! तिच्या हातातून ते यंत्र ओढून घेतलं. काकांना म्हटलं, “हिची एकदा खात्री होऊ दे.” ब्लँकेट काढलं, जेली लावली, माझ्याच फुलीवर टेकवलं.

नुसती खरखर.

जरा वर. खरखर. घोट्याच्या मागे. खरखर. डाव्या पावलावर टेकवलं तर सूं सूं सूं स्वच्छ. परत उजव्यावर आणलं. काहीच नाही. आणि पाऊल पांढरं पडलेलं. मेणासारखं. बोटांना काळसर निळी झाक.

काका माझ्या तोंडाकडे बघत होते. म्हणाले, “काय झालं सिस्टर?” चिमणीने सर्जनना फोन लावला. तिचा आवाज तेव्हा मात्र वॉर्डभर ऐकू गेला.

गुठळी झाली होती. लगेच ऑपरेशनला नेलं. गुठळी काढली, रक्त सुरू झालं. पाय वाचेल की नाही, दोन-तीन दिवसांत कळेल.

१० फेब्रुवारी, शनिवार

सर्जननी बोलावलं. ओरडतील वाटलं होतं. ओरडले नाहीत, ते जास्त लागलं.

“दुपारी तुम्हाला जी नाडी लागली ती कुणाची होती?”

म्हटलं, “माझी असणार सर.”

“तुमचीच. बोटं दाबून धरलीत. तेव्हाच कळवलं असतंत तर पायाच्या बोटांना एवढा वेळ रक्तावाचून काढावा लागला नसता.” मग चष्मा काढून डोळे चोळले. “तुम्हीच शिकवता ना हे नवीन मुलींना?”

हो. मीच शिकवते.

इनचार्जबाई म्हणाल्या, माणूस आहे, चुकतो. म्हटलं, तुम्ही तरी रागवा! तर म्हणाल्या, चहा घ्या आधी.

११ फेब्रुवारी, रविवार

सुटी होती, तरी जाऊन आले. पाऊल गरम! हात लावला आणि जीव भांड्यात पडला. डॉपलर लावलं, सूं सूं आली. आता मी बोटांवर भरवसा ठेवत नाही. काका झोपले होते.

पण करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काळं पडलंय.

१२ फेब्रुवारी, सोमवार

वॉर्डात सगळे माझ्याशी फार गोड बोलतात. मामांनी आपणहून खुर्ची दिली. अंगावर काटा येतो असल्या गोडव्याने. एरवी मामा मला खुर्ची देतील? शक्यच नाही!

चिमणीशी अजून बोलले नाही. ती “ताई” म्हणते, मी “हं” म्हणते. तिला वाटत असेल मी डूख धरलाय. डूख कसला? तिच्याकडे बघायची लाज वाटते.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

दोन्ही बोटं काढली. पाय राहिला.

१४ फेब्रुवारी, बुधवार

घरी सांगितलं. ह्यांनी विचारलं, “नोकरीला धक्का नाही ना?” तसं विचारण्यात काही वाईट नाही, पण भडकले. म्हटलं, एका माणसाची बोटं गेली, तुम्हाला नोकरीचं पडलंय! मग रडले. रडताना छातीत अशी धडधड सुरू झाली की लेकीने पाणी आणलं. म्हणाली, “आई, दोन दिवस रजा घे.” सगळ्यांना वाटतं रजा घेतली की माणूस दुरुस्त होतो.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

आज बोलले काकांशी. डॉक्टरांनी त्यांना “उशीर झाला” एवढंच सांगितलं होतं. उशीर कुणामुळे, ते मी सांगितलं. काकू बसल्या होत्या, त्यांच्यादेखत. नाडी लागत नव्हती, त्या मुलीने सांगितलं होतं, मी तिला गप्प केलं, मी ब्लँकेट टाकलं. सगळं.

काकू उठल्या आणि बाहेर गेल्या. गेल्या त्या बराच वेळ आल्या नाहीत. त्यांचं बरोबर आहे.

काकांनी बँडेजवरून चादर सारखी केली. मग म्हणाले, “मला त्या दिवशी वाटलं होतं, ही मुलगी बरोबर बोलतेय. पण तुम्ही एवढ्या ठामपणे म्हणालात की मीच गप्प बसलो.” ते पुढे म्हणाले, “मीही चुकीचे गोल दिलेत सिस्टर. एकदा तर लाइनमन झेंडा हलवतोय, मी त्याच्याकडे बघितलंच नाही. रुबाब! ती पोरं रडत गेली घरी.” उशाखालून तो पिवळा पुठ्ठा काढला, माझ्यासमोर धरला. “एक कार्ड. आता दुसरं मिळू देऊ नका.”

माफ केलं असं म्हणाले नाहीत. मीही माफी मागितली नाही. पुठ्ठा मला ठेवायला दिला, तो एप्रनच्या खिशात आहे.

बाहेर काकू भेटल्या. बाकावर बसल्या होत्या. म्हणाल्या, “ते सोडून देतील. मला वेळ लागेल.” म्हटलं, लागू दे काकू.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

चिमणीशी बोलले. म्हटलं, “त्या दिवशी तू परत आलीस ते बरं केलंस.” ती म्हणाली, “बसस्टॉपपर्यंत गेले होते ताई. दोन बस सोडल्या. तुम्ही चुकाल असं वाटेना, आणि माझं बोट खोटं बोलत असेल असंही वाटेना.” मग म्हणाली, “आधीच जास्त मोठ्याने बोलायला हवं होतं मी.” घ्या! आता ही स्वतःला दोष देतेय! म्हटलं, गप्प बस, चूक माझी आहे, तेवढी तरी माझ्याकडे राहू दे.

दोघी हसलो. पहिल्यांदाच दात दिसले तिचे.

आजपासून वॉर्डात नवीन पद्धत. पेशंट ताब्यात देताना दोघींनी एकामागून एक बोटं ठेवायची, दोघींचं जुळलं नाही तर वाद नाही, डॉपलर. आणि डॉपलर कुणाला द्यायचं नाही, आयसीयूचे लोक रडत आले तरी नाही. इनचार्जबाईंकडे मीच बोलले.

१८ फेब्रुवारी, रविवार

दिवसभर आडवी पडून होते. थकवा जात नाही. मनाचाच असणार. ह्यांनी भांडी घासली! एक कप फोडला. काही बोलले नाही, यावरूनच लेक म्हणाली, “आई खरंच आजारी आहे.”

१९ फेब्रुवारी, सोमवार

काका घरी गेले. कुबड्या घेऊन, पण स्वतःच्या दोन पायांवर. दारापर्यंत पोचवायला गेले होते. काकांना म्हटलं, एप्रिलची फायनल? म्हणाले, “पळायला नाही जमणार. खुर्ची टाकून बसेन आणि जो रेफरी असेल त्याला शिव्या देईन.” सिगारेट ओढलीत तर मी घरी येऊन कार्ड दाखवीन, असं सांगितलं.

काकूंनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि माझ्या खांद्याला हात लावला. एवढंच. लगेच रिक्षात बसल्या.

पलंग नऊ रिकामा. चिमणीने स्वच्छ चादर घातली.

२० फेब्रुवारी, मंगळवार

चहाच्या खोलीत चिमणी आली आणि दार लावून घेतलं.

“ताई, रागावू नका. त्या दिवशी तुम्ही म्हणाला होतात, मधेच एखादा ठोका चुकते.”

“बरं मग? माझीच लागली होती ती. झालं ना आता बोलून!”

“तेच म्हणतेय. काकांच्या छातीला मॉनिटर होता. दिवसभर एकसारखी नाडी, एकही ठोका चुकला नव्हता. मी तेव्हाच बघितलं होतं.” आणि तिने हात पुढे केला. “चुकत होती ती तुमची.”

मी कप खाली ठेवला. एवढे दिवस ती नाडी माझी, माझी म्हणून रडले. ती चुकते कशी, हे एकदाही मनात आलं नाही! जिना, धडधड, थकवा. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर दारातच ईसीजी काढायला लावला असता. असं हृदय वेडंवाकडं चालायला लागलं की आत गुठळी होते. सुटली की मेंदूत जाते, नाहीतर पायात.

मनगट दिलं. तिने दोन बोटं ठेवली. हलकी, अजिबात न दाबता. दुसऱ्या हाताने स्वतःचं मनगट धरलं, मी शिकवलं होतं तसं. खूप वेळ धरून होती.

“लागते ताई,” म्हणाली. “पण चुकते.”

या वेळी मी “सरक” म्हटलं नाही. पलंग नऊवर जाऊन आडवी झाले आणि तिला म्हटलं, कळव डॉक्टरांना.